पत्र्यावरची टकटक

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

डोंगरातलं छोटंसं गाव. तिथलं जुनं लाकडी नाट्यगृह फक्त उन्हाळ्यात चालतं. मावशी पडदा ओढते. विंगेत टांगलेला मोठा पत्रा हलवून ढगांचा गडगडाट काढायचं काम तिच्या थोरल्या भावाचं, म्हणजे आमच्या मामांचं. अंक संपला की ते पत्र्यावर बोटाने दोनदा वाजवायचे.

टक... टक.

की हिने पडदा पाडायचा. वर्षानुवर्षांची खूण.

हिवाळ्यात मामा गेले. पत्रा तसाच लटकत राहिला.

यंदा मॅनेजरने बजावलं, "मावशी, एक जरी प्रयोग अर्धवट राहिला, तर मालक कुलूप ठोकणार."

"ठोकून तर बघू दे!"

पहिल्याच प्रयोगात, शेवटचा प्रवेश ऐन रंगात...

टक... टक.

सवयीने हात दोरावर गेला. पडदा वीतभर खाली आला आणि मावशी भानावर आली.

विंगेत कोणी नव्हतं.

पत्रा मात्र थरथरत होता...

तिने पडदा पुन्हा वर ओढला. मग आली तिडीक. "दादा, नाटक संपलेलं नाही. गप्प बस!"

प्रयोग पार पडला.

मॅनेजरची तर पाचावर धारण बसली. त्याने पत्रा उतरवून मागच्या खोलीत टाकला.

दुसऱ्या संध्याकाळी विंगेतल्या मोकळ्या भिंतीतून आवाज आला. तोच, पत्र्याचा.

आणि आदल्या दिवसापेक्षा लवकर.

रोज थोडा आणखी लवकर...

"मावशी, ते काहीतरी सांगतायत. सोडा हे काम," मॅनेजर काकुळतीला आला.

"मेलेल्याचं ऐकून चालतं नाटक बंद पाडू? जन्मभर ऐकलं त्याचं. आता नाही!" असं म्हणाली आणि ढसाढसा रडली.

काल तर कहर झाला. प्रयोग सुरूही झाला नव्हता.

टक... टक.

अगदी कानाशी.

पडदा तर खालीच होता. मग पाडायचं काय?

मावशीने दोर आवळला आणि पडदा वर नेला.

आजही प्रयोग आहे. मी हातापाया पडलो, जाऊ नकोस म्हटलं. तिने चपला पायांत सरकवल्या.

"तो दादा असेल, तर धाकट्या बहिणीचं वाईट करणार नाही. आणि दादा नसेल... तर त्याचं मी का ऐकू?"