पीळ कुणाचा

पडद्यावर चारशे बारा ठिपके होते. हृदयाच्या तळाशी दोनशे एक, टोकाशी एकशे शहाऐंशी. उरलेले पंचवीस बरगडीच्या सावलीत पुसटलेले.

छातीवरच्या ध्वनिपट्टीतून गेलेल्या लहरी स्नायूवरून परततात, तेव्हा असे ठिपके उमटतात. स्नायू हलला की तेही हलतात. शाल्मली त्यांचाच माग काढत होती. हृदय नुसतं आवळत नाही, ओल्या पंच्यासारखं स्वतःला पिळतं. तळ एका दिशेला, टोक दुसऱ्या. थकलेल्या हृदयाचा हा पीळ सुटत जातो.

पलंगावरच्या नंदकुमार कुबलांचा पीळ मात्र परतला होता. हे देवगडचे तांडेल, मच्छीमार होडीचे म्होरके. हृदयाच्या टोकाला पंप शिवलेला, त्याची वायर पोटातून बाहेर, म्हणून पाण्यात उतरणं वर्ज्य. उद्या पंप काढायचा होता.

"बाय, माका दर्यात कधी सोडतलंस?"

"जखम भरू द्या, काका."

"तोवर मी पोवूक इसरलंय तर?"

"मासा विसरतो का?"

"मासो इसरना नाय. पण मासो पोटात वायर घालून फिरना पण नाय!"

शाल्मली हसली आणि पडद्याकडे बघता बघता थबकली. आवळणाऱ्या स्नायूतले ठिपके एकमेकांजवळ सरकतात. टोकाचे ठिपके वळत होते, पण त्यांच्यातलं अंतर तसूभरही कमी होत नव्हतं.

तिने डॉ. हेरवाडकरांना शेजारच्या खोलीत नेलं.

"सर, पंपाच्या नियंत्रकाला आपण काय शिकवलं?"

"पट्टीवरून पीळ वाचायचा आणि तो वाढेल असा वेग शोधायचा. तूच लिहिलंस की!"

"पंपाचं चक्र एकदम वेग घेतं, तेव्हा त्याच्या खोळीला उलटा हिसका बसतो. आणि खोळ टोकाला शिवलेली आहे."

हेरवाडकर खुर्चीत बसले. "पंप मंद करूनही पीळ चौदा अंश आला होता. निरोगी हृदयाला बारा पुरतात."

"मंद पंपही हिसके देतो. पूर्ण थांबवून आपण पाहिलंच नाही."

"धोका होता म्हणून."

"'पीळ वाढव' म्हणालो आपण. पिळायचं कुणी, ते सांगायचं राहिलं."

"अगं, मग उद्या पंप काढला तर..."

"पीळ पंपाचाच असेल, तर तोही जाईल. आणि काकाही."

तिने कुबलांना सगळं सांगितलं.

"म्हणजे माजा काळीज चालता, काय कोण चालवता?"

"तेच पाहायचंय. पंप क्षणभर थांबवावा लागेल. घेरी येईल."

"थांबव."

हेरवाडकरांनी एका हाताने त्यांची नाडी धरली, दुसऱ्याने कळ दाबली. पंपाची गुणगुण थांबली. कुबलांचे ओठ पांढरे पडत गेले. शाल्मलीने सलग पाच ठोके टिपले आणि मान हलवली. पंप पुन्हा सुरू झाला.

"किती गो?" कुबलांनी डोळे न उघडताच विचारलं.

तिने पाचही ठोक्यांची सरासरी काढली आणि आकडा वाचला.

"एक अंश, दोन दशांश."