मांजरीतला जपानी वाडगा

ही हकिकत खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, माझं काही अडलेलं नाही.

रात्र वगैरे नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला रविवार, भर दुपार. मांजरी गावात उसाच्या शेताला लागून नवी सोसायटी झालीय, तिथे माझी धाकटी बहीण ऋतुजा राहते. तिचा नवरा दिग्विजय. कंपनीने सहा महिने जपानला काय पाठवलं, हा माणूस अर्धा जपानी होऊन आला.

सोबत एक वाडगा. काळपट, ओबडधोबड, एका बाजूला हिरवा ओघळ. तिथल्या चहाच्या विधीचा. कोणी म्हातारी वारली, तिच्या घरातलं सामान विकायला निघालं, त्यातून घेतलेला.

"ताई, हा ओघळ म्हणजे वाडग्याचं तोंड. ते पाहुण्याकडे करायचं. आदर असतो तो," दिग्विजय मला म्हणाला.

आणि बायकोला काय?

"ऋतुजा, हात लावू नकोस. तुझी अक्कल स्टीलच्या पेल्याएवढी."

आदराचे धडे द्यायला केवढा लायक माणूस!

मग आम्हा तिघांची बैठक. गुडघे मोडून, जमिनीवर. त्याने बांबूच्या घुसळणीने हिरवी पूड पाण्यात घुसळली. शेवाळच ते. वाडगा माझ्यापुढे ठेवला, ओघळ माझ्याकडे.

खर्र...

वाडगा फिरला. आपला आपण.

ओघळ ऋतुजाकडे.

"फरशीला उतार आहे," दिग्विजय म्हणाला. बिल्डरला शिव्या दिल्या, वाडगा सरळ केला.

खर्र...

पुन्हा ऋतुजाकडे.

तो चिडला. वाडगा उचलून स्वतःच तोंडाला लावला... आणि खाली घेतला.

आत काही नव्हतं. थेंबही नाही. तळ कोरडा.

खाली खेळणाऱ्या पोरांचा गलका थांबला. पंखा फिरत होता, पण आवाज नाही...

फक्त घुसळण्याचा आवाज. सर्र... सर्र...

घुसळणी माझ्यासमोर पडली होती.

आवाज दिग्विजयच्या मागून येत होता.

"ताई, मला उठता येत नाहीये," तो म्हणाला.

"मुंग्या आल्या असतील."

"पाय नाही... मानेवर हात आहे कुणाचा तरी."

मागे कुणीच नव्हतं. त्याची मान वाकत गेली. हळूहळू, ऋतुजासमोर. कपाळ फरशीला टेकलं. तो रडत होता.

"ऋतुजा, सोडायला सांग ना तिला!"

ऋतुजा पांढरीफटक पडली होती. तरी ताठ बसून म्हणाली, "पुरे आता."

आवाज थांबला. पोरांचा गलका परत ऐकू आला.

वाडगा भरलेला होता. वाफ येत होती.

ऋतुजाने तो उचलला आणि ती शांतपणे चहा प्यायली.

दिग्विजय आता त्या खोलीत पाऊल टाकत नाही. बायकोशी मऊ बोलतो. वाडगा फेकून दे म्हणून रोज विनवतो. ती फेकत नाही.

गेल्या आठवड्यात मी गेले, तर तिने चहा मांडला होता. समोर एक रिकामी चटई. मी बसायला वाकले, तशी तिने माझा हात घट्ट धरला.

"तिथे नको, ताई."

"का गं?"

"हळू बोल," ती म्हणाली. "त्या बसल्यात."