चार खारी आणि सगुणाआत्या

जालन्याहून जाफराबादला निघालेल्या जीपमध्ये बारावं माणूस कोंबलं गेलं, आणि ज्योत्स्नाच्या मांडीवरचा, टीव्हीवर गेम खेळायच्या यंत्राचा खोका अर्धा शेजारच्या तरुणाच्या मांडीवर सरकला. त्यानं तो परत ढकलला नाही. दोन्ही हातांनी नीट धरला, वरचं चित्र निरखलं आणि विचारलं, "सोबत गेम कोणता घेतला?"

"गेम याच्यातच असंल ना."

"न्हाई... हे नुसतं यंत्र आहे. चूल घेतली तुम्ही. पीठ कुठंय?"

ज्योत्स्नाला राग आला. टपाल खात्यात शाखा डाकपाल म्हणून लागून तिला दोन महिने झाले होते. अख्ख्या गावाची बचतीची पुस्तकं आणि रजिस्टरची पत्रं ती एकटी सांभाळायची, आणि हा कोण कुठला तिला पीठ विचारत होता. पण रागावण्याआधी तिनं त्याचे डोळे पाहिले होते, तिथंच थोडा घोळ झाला.

पुढं कापसाची ट्रॉली चालली होती. उडालेला कापूस खिडकीतून आत येत होता.

"तुमच्या केसांत..." त्यानं स्वतःच्या कानामागं बोट लावून जागा दाखवली.

तिनं नेमकी दुसरीच बाजू झटकली.

"इकडं न्हाई... तिकडं."

"राहू द्या. घरी जाऊन काढीन."

"तोवर चांगला दिसून राह्यला," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

जाफराबाद येईपर्यंत एवढं कळलं, की त्याचं नाव संघपाल, गाव वाटूर, आणि स्टँडसमोर मामाच्या गाळ्यात त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं गेमही मिळतात. कापूस मात्र तिनं घरी गेल्यावरही बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती दुकानात गेली. संघपालनं स्टूल पुढं केलं आणि डॉक्टरसारखी चौकशी सुरू केली. घरात माणसं किती? हरल्यावर रुसतं कोण? सगळ्यांत सावकाश कोण?

"सात माणसं. रुसतात माझे वडील. आणि सावकाश..." ती थांबली. "आमची सगुणाआत्या. तिच्यासाठीच घेऊन राह्यले."

सगुणाआत्या म्हणजे ज्योत्स्नाच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी आली, तीस वर्षं अंगणवाडी सेविका राहिली, आणि दोन्ही भावांची लेकरंही तिनंच वाढवली. मागच्या महिन्यात ती निवृत्त झाली. तेव्हापासून दुपारभर उंबऱ्यात बसून रस्ता बघायची. घरात जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. जिच्याभोवती हे घर गोळा व्हायचं, ती एकटी पडत चालली होती, आणि ते ज्योत्स्नाला बघवत नव्हतं. आत्याला मधोमध बसवून सगळ्यांनी खेळावं असं काहीतरी तिला स्वतःच्या पगारातून घरी न्यायचं होतं.

संघपालनं दोन गेम काढले. दोन्हीत चार खारी, चौघांनी मिळून उड्या मारत पुढं जायचं. "हा सगळेच नेतात. घड्याळ लावलेलं असतं, पळत सुटायचं, शेवटी झेंडा धरायचा. पण तुम्ही हा दुसरा न्या. याच्यात घड्याळ न्हाई. जो मागं पडंल, त्यानं पुढच्या खारीची शेपटी धरायची."

ज्योत्स्नाची मान ताठ झाली. "आमच्या आत्याला कुणाची शेपटी धरून चालायची सवय न्हाई."

"आत्याला... का तुम्हाला?"

"दोघींनाही. तो पहिला द्या."

त्यानं पहिला गेम बांधून दिला. "अडलं तर सांगा," एवढंच म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी तिनं मागं वळून पाहिलं. तो अजून बघतच होता, आणि पकडला गेल्यावर उगाच काउंटर पुसायला लागला.

रविवारी सकाळी सगळं घर टीव्हीपुढं बसलं. चार रिमोट चौघांच्या हातांत आले: आत्या, वडील साहेबराव, काका आणि अकरावीतली चुलत बहीण प्रीती. आई आणि काकू मागं बसून सूचना देत होत्या. प्रीतीची खार तीन उड्यांत झेंड्यापाशी पोचली, पाठोपाठ काका, मग साहेबराव. आत्याची खार पहिल्याच खड्ड्यात.

आणि झेंड्यापाशी पोचलेले तिघं थांबले.

त्याला कारण होतं. अंगणवाडीत आत्याचा एक नियम असायचा, शेवटचं लेकरू आत आल्याशिवाय दार लावायचं नाही. तोच तिनं घरात आणला होता. सगळे बसल्याशिवाय ताटाला हात लागत नसे. मग झेंड्याला कसा लागणार? घड्याळ संपलं, चारही खारी धपकन पडल्या. पुन्हा खेळले. तिघं पुन्हा थांबले. असं नऊ वेळा झालं.

"अरे, धरा की तो झेंडा," आत्या म्हणाली.

"तू ये ना आधी," साहेबराव म्हणाले.

दहाव्या वेळी आत्यानं रिमोट खाली ठेवला. "माझ्यापायी सगळे अडकून राह्यले. खेळा तुम्ही..." असं म्हणून ती उंबऱ्यात जाऊन बसली. ज्योत्स्ना आत्याला मधोमध बसवायला निघाली होती, आणि तिनंच तिला उंबऱ्यात धाडलं होतं.

सोमवारी डाकघर बंद करून ती तडक दुकानात आली. चूक कबूल करायची म्हणजे तिच्या जिवावर येत होतं.

"गेम खराब आहे," तिनं सुरुवात केली, आणि मग खरं ते सगळं सांगितलं.

संघपाल हसला नाही. "एकानंही झेंडा धरला न्हाई? दहा वेळा?"

"न्हाई."

"मी हा गेम किती घरांत दिला... भावाला खड्ड्यात ढकलून झेंडा धरतात लोक." तो हातातला स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिला. "तुमच्या घराचा तुम्हाला लई अभिमान आहे, ते पहिल्या दिवशीच दिसलं. आता कळलं, बराबरच आहे तो."

ज्योत्स्ना स्टूलावर बसली. "मंग तो दुसरा द्या," ती हळूच म्हणाली. "आणि... तुम्ही पण चला. आत्या माझं ऐकायची न्हाई."

त्यानं दुकानाचं शटर ओढलं.

घरी आत्या उंबऱ्यातच होती. "जय भीम, आत्या," संघपाल म्हणाला. आत्यानं त्याला खालून वर पाहिलं. गावातली निम्मी तरुण पोरं तिच्या हाताखालून गेलेली. "कोणत्या सालचा तू? माझ्या अंगणवाडीतला दिसत न्हाई."

"वाटूरचा आहे मी. तुमच्याकडं यायचं राह्यलंच."

आत्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं. संघपालनं दुसरा गेम समजावून सांगितला, पण खेळायला ती तयार होईना. "कुणाचं शेपूट धरून न्हाई चालायची मी."

संघपालनं ज्योत्स्नाकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली.

"तुम्ही कशाला धरता? तुम्ही पुढं व्हा," तो म्हणाला. "आम्ही धरतो की तुमची शेपटी."

त्यानं काकांचा रिमोट घेतला. आत्याची खार पुढं, तिच्या शेपटीला साहेबराव, त्यांना प्रीती, प्रीतीला संघपाल. घड्याळ नव्हतं. आत्या एकेक पाऊल टाकायची, खड्ड्यापाशी थांबायची, मग उडी, आणि सगळी माळ तिच्यामागं उडायची. तिसऱ्या खड्ड्यानंतर आत्या ताठ बसली. "ही तर माझी रांग आहे," ती म्हणाली. "फ्रॉक धरून चालायची लेकरं... साहेबराव, हात सोडू नको." साठीला टेकलेले साहेबराव "न्हाई सोडत" म्हणाले, आणि ज्योत्स्नाला इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला ओढणी हातात आली.

शेवटी एक दार होतं. आत्यानं मोजायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन, चार..." आणि मागं वळली. "ज्योत्स्ना कुठंय? यंत्र तिनं आणलं, आणि तीच बाहेर?"

"रिमोट चारच आहेत, आत्या," प्रीती म्हणाली.

"मंग दार न्हाई लावायचं."

संघपाल उठायला लागला. "घ्या, माझा घ्या. मी काय... बाहेरचाच आहे."

"बसा," ज्योत्स्ना म्हणाली. ती त्याच्या शेजारी चटईवर बसली आणि रिमोटची डावी बाजू तिनं धरली. "चालवते मी. उडी तुम्ही मारा."

"पडलो तर?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"आमच्या घरात थांबतात."

दोघांचे अंगठे एका रिमोटवर होते. खार आधी जरा अडखळली, मग बरोबर चालली. पडद्याकडंच बघत तो पुटपुटला, "मला या घरात पाचवा रिमोट आणायचा आहे... कायमचा. तुम्ही न्हाई म्हणालात तर यंत्र दुरुस्तीला तरी येत जाईन."

"यंत्राला काय होतंय," ज्योत्स्ना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण मान ताठच होती. "माझं नाव सांगूनच या."

चारही खारी दारात शिरल्या. आत्यानं रिमोट मांडीवर ठेवला आणि टीव्हीऐवजी त्या दोघांच्या अंगठ्यांकडं पाहिलं. तीस वर्षं लेकरं मोजलेली नजर ती.

"वाटूरहून इथवर यायला किती वेळ लागतो रे?"

"अडीच-तीन तास, आत्या."

"मंग रविवारी आईला घेऊन सकाळीच नीघ," सगुणाआत्या म्हणाली. "तुम्ही आल्याशिवाय आम्ही जेवायचो न्हाई."