इस्त्रीच्या टेबलावरची गाडी

खडीच्या शेवटच्या पुडीवर त्याचा आणि माझा हात एकदमच पडला, आणि दोघांपैकी कुणीच तो मागे घेतला नाही. गैरसमज नको... हात मागे घ्यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते, आणि मी पहाटेपासून वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करून आले होते.

पिकल्सच्या दुकानात छोट्या रेल्वेचं सगळं सामान मिळतं. 'खेळण्यातली रेल्वे' म्हटलेलं म्हाताऱ्या पिकल्सला चालत नाही. तसं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो उरलेले पैसे उशिरा देतो. बाहेर आमच्या यॉर्कशायरचा पाऊस होता. धड पडत नाही, धड थांबत नाही, नुसता भिजवत राहतो.

"ही मी घेतलीय," मी म्हटलं.

"दिसतंय," तो म्हणाला. "मीपण घेतलीय."

मी मान वर केली. नारिंगी जाकीट, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले. पण त्या डोळ्यांत कुठेतरी हसू होतं, आणि तेही बिचारं दमलेलं.

"तुम्ही रेल्वेत?"

"रुळांवर. रात्रभर हीच खडी फावड्यानं ओढत होतो. आकारानं जरा मोठी."

"रात्रभर खडी ओढायची आणि दुपारी खडीच विकत घ्यायची? धन्य आहे तुमची!"

"आणि तुम्ही काय करता?"

"इस्त्री."

"मग रेल्वे कशावर बांधताय?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण खोटं सुचायलाही डोकं ताजं लागतं. "इस्त्रीच्या टेबलावर," मी म्हणाले.

तो हसला, आणि हसता हसता त्याला जांभई आली. ती बघून मलाही आली. काउंटरमागून पिकल्स ओरडला, "अरे, दोघंही नवशिके दिसताय! नवशिका माणूस अर्धी खडी जमिनीवरच सांडतो. एक पुडी घ्या, वाटून घ्या, आणि माझ्या लादीवरचा चिखल वाढवू नका."

वाटायची कशात? माझं घर चढावर, दोन गल्ल्या सोडून. तसं मी सांगितलं, तर तो म्हणाला, "चहा मिळेल?"

"मिळेल. पण दूध कालचं आहे."

"चालेल. मीही कालचाच आहे."

त्याचं नाव गेथिन. मूळचा वेल्सचा, इथे कामापुरता खोली घेऊन राहणारा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की काहीतरी छंद लाव, नाहीतर वेडा होशील. आणि त्याला रुळांखेरीज काही सुचेना. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, 'ब्रायोनी, हातांना काहीतरी काम दे.' अहो, दिवसभर हातच तर राबतात माझे! पण घरात पुन्हा इस्त्री म्हणून करायची नाही, अशी मी शपथ घेतली होती, त्यामुळे टेबल रिकामं होतं. त्यावर फळी ठोकली, रूळ जोडले आणि एक चिमुकलं स्टेशन मांडलं. गाडी पुलाखालून येणार. पुढे सांधा लागणार. सांधा एका बाजूला वळवला की गाडी फलाटाला, दुसऱ्या बाजूला वळवला की मालधक्क्यावर. एवढाच माझा पसारा.

गेथिननं चहाचा कप हातात घेऊन तो पसारा सगळ्या बाजूंनी पाहिला. गवत हिरवंगार, फलाट पांढराशुभ्र, रूळ चकाकते.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "फक्त... सगळ्यांची झोप फार छान झालेली दिसतेय."

"म्हणजे?"

"खरं स्टेशन एवढं ताजंतवानं नसतं. खरं स्टेशन दमलेलं असतं."

"मग मलाच फलाटावर उभी करते."

"जागा असली तर मलाही करा."

त्या दिवशी खडी काही वाटली गेली नाही. तो मंगळवारी पुन्हा आला, त्याच्या पुढच्या मंगळवारीही आला. वाटण्यासाठीच. पुडी माझ्याच खिडकीत राहिली आणि आम्ही दोघं मिळून माझं स्टेशन मळवायला बसलो. रुळांच्या कडांना गंजाचा तपकिरी रंग द्यायचा, इंजिन जिथे उभं राहतं तिथे तेलाचा काळा डाग पाडायचा, फलाटाच्या कोपऱ्यात शेवाळ चढवायचं. नवीन वस्तू विकत घेऊन ती जुनी करायला माणसं एवढा जीव टाकतात, हे मला आधी हास्यास्पद वाटायचं. आता लाँड्रीतून सुटले की पाय आपोआप भराभर उचलले जायचे.

एकदा त्यानं ब्रश माझ्या नाकाला टेकवला.

"हे काय?"

"थोडा गंज. आता तू खरी दिसतेस."

'तुम्ही'चं 'तू' झालं ते असं. मी रागावल्यासारखं केलं, पण ते मला नीट जमलं नाही... मग मी त्याच्या कानाला शेवाळ लावलं.

आणि तो झोपायचा! बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून, हातात ब्रश तसाच धरून, खुर्चीत बसल्या बसल्या. एकदा मी मालधक्क्यावर कोळशाची पोती चिकटवून मागे वळले, तर स्वारी घोरत होती. मी त्याच्या अंगावर चादर घातली, बिनइस्त्रीची. बाहेर पाऊस टपटपत होता. माझ्या घरात इतक्या विश्वासानं कधी कुणी झोपलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला कळून चुकलं की मी याच्या प्रेमात पडले आहे. आनंद झाला का? झाला. पण आधी मनात आलं, अरे देवा, आता हेही निस्तरायचं.

आमच्या गावच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबचं वार्षिक प्रदर्शन चर्चच्या हॉलमध्ये भरतं. क्लबचे अध्यक्ष मिस्टर अँब्लर माझं टेबल बघायला घरी आले, चष्मा कपाळावर चढवून अर्धा तास वाकून राहिले, आणि म्हणाले, "गवताचा रंग बरा आहे, पोरी. नवशिक्यांच्या कोपऱ्यात ये. खडी मात्र घाल. खडीशिवाय रूळ म्हणजे पायजम्याशिवाय माणूस."

त्याच आठवड्यात गेथिन आला, पण ब्रशला हात लावला नाही. बराच वेळ एका चिमुकल्या कुंपणाशी खेळत राहिला.

"वेल्समध्ये बदली मिळतेय. घराजवळ. दिवसपाळी," तो म्हणाला. "प्रदर्शनानंतरच्या सोमवारपर्यंत कळवायचंय."

माझ्या हातातली चिमट्यात धरलेली चिमुकली बाई खाली पडली. फलाटावर उभी करायची होती ती. हातात पर्स, डोक्यावर निळी टोपी. माझी मीच रंगवलेली.

"चांगलं आहे की," मी म्हणाले.

"हो?"

"दिवसपाळी मिळेल. झोप होईल."

"हो... झोप होईल."

थांब म्हणणं अवघड नव्हतं. पण मी पूर्वी एकदा एका माणसाला थांब म्हटलं होतं. रॉरी थांबला. आणि मग नळ गळला तरी, पाव करपला तरी, 'तुझ्यासाठी थांबलो ना मी!' हे मला ऐकायला लागलं. दोन वर्षं ऐकवून ऐकवून शेवटी तो गेलाच. त्यानंतर ठरवून टाकलं होतं की तोंडातून पुन्हा तो शब्द काढायचा नाही. म्हणून मी ती बाई उचलली, झटकली आणि मुकाट्यानं फलाटावर चिकटवली.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी खडी अखेर उघडली. खडी पसरायची, ब्रशनं रुळांखालच्या आडव्या स्लीपरांच्या मधे सारायची, वर साबणाच्या पाण्याचा शिडकावा करायचा आणि मग पातळ केलेला पांढरा डिंक थेंबाथेंबानं सोडायचा. निम्म्यातच मी पेंगायला लागले. "तू पड जरा, मी करतो," गेथिन म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी सांगायचं असल्यासारखं होतं, पण मी कोचावर कलंडले ती कलंडलेच. जाग आली तेव्हा तो गेला होता. रुळांमधे राखाडी खडी अशी झकास बसली होती की मला भरून आलं. जाताना निरोपादाखल ठेवून गेलाय हे, असंच वाटलं.

सकाळी गेथिननं आणि मी हॉलमध्ये टेबल उभं केलं. चहाच्या मोठ्या भांड्याची वाफ, आल्याच्या पार्किन केकचा वास, लोकरी स्वेटर घातलेली माणसं. मी बटण दाबलं. गाडी ऐटीत पुलाखालून आली, सांध्यावर पोचली... आणि सरळ मालधक्क्यावर, कोळशाच्या पोत्यांत.

सांधा हलवून पाहिला. ढिम्म!

"गेथिन, सांधा अडकलाय."

त्यानं वाकून पाहिलं. नख लावलं. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कानांपर्यंत.

"डिंक," तो पुटपुटला. "आत उतरलाय. आधी तेलाचा थेंब सोडायचा असतो तिथे. विसरलो. खरे सांधे बसवतो गं मी... पोटापाण्यासाठी! आजवर एकही अडकला नाही."

मला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं आणि पोट धरून खाली बसावं लागलं. खरवडायला लागलो तर सांधाच तुटेल, असं अँब्लरनी बजावलं. त्यामुळे दिवसभर माझी पॅसेंजर गाडी मालधक्क्यावर येत राहिली आणि परत जात राहिली. लोकांना तर काय, चेष्टेला विषयच मिळाला.

"त्या निळ्या टोपीवाल्या बाई सकाळपासून उभ्या आहेत हो," एक आजोबा म्हणाले.

"आमच्या स्टेशनावर अगदी अस्संच असतं," त्यांची बायको म्हणाली. "हुबेहूब साधलंय."

दुपार कलली, गर्दी ओसरली. अँब्लर टेबलाच्या त्या बाजूला चहा पीत उभे होते. गेथिन माझ्या मागे पालथ्या खोक्यावर बसला होता. मी त्याच्याकडे पाठ करून गाडी पुन्हा पोत्यांत घालत होते, आणि नजर राहून राहून फलाटावरच्या त्या बाईकडे जात होती. उभी आहे मुकाट. गाडी येणार की नाही, हे कुणी तिला सांगत नाही, आणि ही बया विचारतही नाही. कशी विचारणार? मीच रंगवलेली ना ती, माझ्यासारखीच होणार. माझा मलाच असा संताप आला!

"ऐक," मी गाडीवरची नजर न हलवता म्हणाले. "मी चांगलं आहे म्हणाले, ते खोटं होतं. जाऊ नकोस. मला तू हवा आहेस. झोपलेला, जागा, चिखलाचा... कसाही. थांबलास तर पुढे मला ऐकवशील, याची भीती वाटते मला. ऐकव हवं तर. पण थांब."

मी वळले.

तो झोपला होता. भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं, हातात अर्धा पार्किन.

"त्यानं नाही ऐकलं," अँब्लर गंभीरपणे म्हणाले. "मी ऐकलं, पोरी. पण माझं लग्न झालंय."

शेजारच्या टेबलावरचे दोघं फिदीफिदी हसले. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मी गेथिनला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"काय... काय झालं? सुटला सांधा?"

"मी तुला जाऊ नकोस म्हणाले!" मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले. "आणि तू झोपलास!"

तो पार्किन खोक्यावर ठेवून उभा राहिला.

"मी बुधवारीच नाही म्हणून कळवलंय," तो म्हणाला.

"काय?"

"काल सांगणार होतो, तर तू कोचावर झोपलेलीस. त्याच नादात तो डिंक..." त्यानं मान खाली घातली. "आणि तुझ्यासाठी नाही थांबलो हं. मला राहायचंय म्हणून थांबलोय. पुढे नळ गळला तर नळाची चूक."

रॉरीचं मी त्याला कधीतरी ओझरतं सांगितलं होतं. त्यानं ते झोपेत ऐकलं असावं, असं मी समजत होते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि राग तर असा आला की विचारू नका.

"म्हणजे मी सगळ्यांसमोर उगाच तमाशा केला?"

"उगाच कसा?" तो जवळ आला. कपड्यांना डिंकाचा वास, डोळे तसेच तांबारलेले. "मी कुठे ऐकलाय अजून? म्हण ना पुन्हा."

अँब्लर कप खाली ठेवून टेबलावर वाकले. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि पुन्हा म्हटलं... पण या वेळी एकट्या गेथिनलाच ऐकू जाईल, एवढ्याच आवाजात.