माइकवाल्याची वहिनी

नेनिताने सेल्सोला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या हातावर पाय देऊनच. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, हारो भागातल्या एका लग्नात तो स्टेजजवळ आडवा पडून वायर जोडत होता आणि ही उंच टाचांवर घाईघाईने निघाली होती.

"जरा पाय उचलता का, वहिनी? दहाच बोटं आहेत माझी."

ती हसली… आणि मग ते ‘वहिनी’ तिला खड्यासारखं टोचलं.

चूक त्याची नव्हती. पियानोवर डॅनिलो, माइकवर नेनिता. दोघं तेव्हा गाजत असलेल्या एका अमेरिकन जोडगोळीची हळुवार गाणी गायची. त्या गाण्यांशिवाय इलोइलोत लग्न लागायचं नाही. लोक रेकॉर्डवरच्या त्या दोघांना नवरा-बायको समजत, आणि या दोघांनाही. जोडप्याने गायलं की नवरीला संसार लाभतो, असं आयाबाया म्हणायच्या. डॅनिलो, तिचा सख्खा थोरला भाऊ, कुणाची समजूत काढायच्या भानगडीत पडत नसे.

"समजू देत की. आपलं काय जातं?"

काय जातं ते नेनिताला पुढच्या सात महिन्यांत कळलं. प्रत्येक लग्नात सेल्सो माइक तिच्या उंचीला आणून ठेवायचा. थर्मासमध्ये आल्याचं गरम पाणी आणायचा. आणि तिने वर पाहिलं की नजर वायरींत घालायचा. चांगला माणूस, परस्त्रीकडे न बघणारा. नेमकं तेच तिला खुपायचं.

"त्याला तरी सांगू दे," ती एकदा डॅनिलोला म्हणाली.

"माइकवाला घरोघर फिरतो, नेने. त्याला कळलं की गावाला कळलं. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास लागले की लग्नं थांबतात, तेव्हा सांग. तोवर शब्द दे मला."

तिने शब्द दिला.

उपासांना थोडेच दिवस उरले होते. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी लग्नघरच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. बातमी आली, आणि कांदा चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्या अमेरिकन जोडगोळीतली गाणारी गेली होती. बत्तीस वर्षांची. मागे आई, वडील आणि सोबत गाणारा भाऊ.

"भाऊ?" आचारीणबाई म्हणाली. "अगं बाई, मी तर नवरा समजत होते."

दारात सेल्सो वायरचं वेटोळं घेऊन उभा होता. "मीसुद्धा," तो म्हणाला. "इतकी वर्षं, वहिनी… कसं कळलं नाही आपल्याला?"

नेनिता त्याच्याकडे बघत राहिली. आता विचारेल… आता तरी विचारेल. त्याने विचारलं नाही.

"माझंही आज शेवटचं लग्न. बोटीवर नोकरी लागलीय. उद्या मनिलाला निघतो. अकरा महिने."

"बोलला नाहीत कधी."

"काय बोलणार? तुम्ही गायला लागलात की मला वाटायचं—" तो थांबला. "जाऊ दे. काही गोष्टी समुद्रात सोडलेल्याच बऱ्या. डॅनिलोदादा देवमाणूस आहेत."

मांडवातून पुकारा झाला, "आता येतंय आपलं लाडकं जोडपं!"

ती स्टेजवर गेली. गप्प राहिली तर शब्द राहत होता, माणूस जात होता. रेडिओवाल्यांनी त्या दोघांचं सांगितलं. यांचं कोण सांगणार होतं?

"आज जी गेली, तिच्यासाठी गाते," ती माइकमध्ये म्हणाली. "ती भावासोबत गायची. मी… मीही माझ्या भावासोबतच गाते."

नवरीच्या आजीने छातीवर क्रूस काढला. तेवढ्यात स्पीकर कर्कश किंचाळला. सात महिन्यांत पहिल्यांदाच सेल्सोचा हात चुकला होता. डॅनिलोने बहिणीकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पांढऱ्याफटक पडलेल्या माइकवाल्याकडे. त्याला काय ते उमगलं असावं. सुस्कारा टाकून त्याने पहिला सूर धरला. नेनिता रडत रडत गायली, पण सूर सोडला नाही.

नंतर सेल्सो वायर गुंडाळत होता. गुंडाळलेली पुन्हा सोडवत होता.

"सात महिने," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंच नाहीत."

"वहिनीला काय विचारतात?"

"मग आता विचार ना."

त्या एकेरीने त्याचे डोळे भरून आले. "थांबशील?"

"थांबेन. पण परत येऊन वहिनी म्हणालास, तर पुन्हा बोटांवर पाय देईन. मुद्दाम."

त्याच रात्री पुढच्या दोन लग्नवाल्यांनी बोलावणं रद्द केलं. नेनिताने शब्द मोडला म्हणून डॅनिलो रात्रभर बोलला नाही. सकाळी मात्र स्वतःच तिला धक्क्यावर घेऊन आला.

"जा पुढे," तो पुटपुटला. "मी इथेच आहे."

सेल्सोने थर्मास तिच्या हातात दिला. गरम होता. मग तो शिडी चढून गेला, वळला नाही, आणि ती धास्तावली. बोट सुटल्यावर तो कठड्याशी आला. त्याने हात तोंडाशी धरून हाक मारली, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी. नुसतं तिचं नाव.