रिकाम्या खोलीची टेस्ट

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीसोबत, दीपालीसोबत. मागच्या डिसेंबरात, एटापल्लीत.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

दीपाली आरमोरीची. एका संस्थेसाठी मोबाईलचं ॲप बनवत होती. माणूस गोंडीत बोलला की ॲप ते लिहून काढणार. गावोगावच्या आशाताई त्याची वाट बघत होत्या. आवाज गोळा करायला दीपाली एटापल्लीत खोली घेऊन राहिली होती. सोमारीबाई नावाची आशाताई रोज यायची आणि तिला गोंडी वाक्यं बोलून द्यायची.

त्या दुपारी दीपालीने ॲपच्या सगळ्या टेस्ट एकदम चालवल्या.

एक सोडून सगळ्या पास.

फेल झाली ती रिकाम्या खोलीची टेस्ट.

त्यात कुणी बोलतच नव्हतं. दीपालीनेच दार लावून खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड केली होती. कुणी बोललं नाही, तर ॲपनेही काही लिहायचं नाही. एवढीच परीक्षा.

नुसतं 'फेल' वाचून काय कळणार? तिने ती एकच टेस्ट वेगळी चालवली, पूर्ण लॉग चालू करून. मग ॲपला आत काय काय ऐकू येतंय, ते ओळीमागून ओळ स्क्रीनवर उमटू लागलं.

शांतता.

शांतता.

शांतता...

यायो.

एवढी गोंडी तिला येत होती. यायो म्हणजे आई.

तिने हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

टेस्ट पुन्हा चालवली. या वेळी 'यायो'च्या पुढे अख्खं वाक्य आलं.

रेकॉर्डिंग तर तेच होतं... मग शब्द वाढले कसे?

तेवढ्यात सोमारीबाई आली. दीपालीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वाचता वाचता सोमारीबाईचा पदर तोंडाशी गेला.

"हे कोनी बोललं, म्याडम?"

"कोनीच नाई, बाई. काय लिहिलं हाये?"

"'यायो, हे कोन बसली हाये इथी?'... असं इचारून राह्यलं."

बाहेर धान चुरायची, मळणीची मशीन सुरू होती. ती मध्येच बंद पडली.

"या खोलीत आधी कोन राहे?" दीपालीने विचारलं.

"कोनीच नाई. नवीनच तं बांधली."

दीपालीने तिच्यासमोरच पुन्हा टेस्ट चालवली. ओळ बदलली होती. सोमारीबाई ताडकन उठली.

"बंद करा! बंद करा ते!"

"काय हाये पन?"

"'यायो... इले आपलं बोलनं समजून राह्यलं.'"

संध्याकाळच्या एसटीने दीपाली आरमोरीला आली.

सॉफ्टवेअरचीच चूक असणार, असं ती स्वतःला बजावत राहिली. सकाळी तिने जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आपल्या घरात, आपल्या खोलीत, नवी शांतता रेकॉर्ड केली. तीच एक टेस्ट. पूर्ण लॉग.

शांतता.

शांतता...

मग एक ओळ आली.

तिने फोटो काढून सोमारीबाईला पाठवला. लगेच फोन वाजला.

"म्याडम, तुमी कुठी हाये?"

"घरी."

"घरी आनखी कोन हाये?"

"आई हाये. काऊन?"

पलीकडे सोमारीबाईने घाईघाईने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाई, सांगा नं. काय लिहिलं हाये?"

"'यायो... इचीबी आई हाये.'"

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशीचा, म्हणजे दीपालीच्या आईचा, आवाज आला.

"आली वं, आली! काऊन एवढ्या हाका मारून राह्यली?"

दीपालीने हाक मारलीच नव्हती.

ते काम तिने सोडलं. लॅपटॉप संस्थेला परत केला. संस्थेने कारण विचारलं, तर तिने काही सांगितलं नाही; हे सगळं फक्त मला सांगितलं.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दीपाली माझ्यासमोर बसली होती, गप्प. घरात टीव्हीही बंद होता.

आतून मावशी म्हणाली, "आली वं..."

मी दीपालीकडे पाहिलं.

तिने डोळे मिटून घेतले होते.