भेगेपलीकडचा माणूस

ऐका पोराहो, कल्याण माझ्या साडूचा पोरगा. त्याच्या तोंडून ऐकलं नसतं, तर म्या बी मानलं नसतं.

टेंभुर्णीच्या अलीकडं खडीची खदान हाय, तिथं तो मोजणीला होता. खदानीची पूर्वेची भिंत ऐंशी फूट सरळ उभी कापल्याली. "मालक, भिंतीला पायऱ्या पाडून उतार द्या, ही अशी टिकायची न्हाई," असं त्यानं दहादा सांगितलं. पण मालकाला दगड सोडवंना. अन् वर, कडेपासून दहा हातावर, जमिनीला भेग पडल्ती.

कल्याणनं भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या. मधलं अंतर वाढलं की समजायचं, भिंत सरकून राह्यली. चार दिवस माप तेवढंच, अडीच फूट. पण भेगेत आधी बोट जायचं, आता मूठ जायला लागली. म्हणजे रात्री कोणीतरी पलीकडची खुंटी उपटून जवळ ठोकत होतं. संशय राखणदार अंगदवर. मालकाचा माणूस ना तो.

तीस डिसेंबर, सोमवती अवस. पावणेनऊला कल्याण कोणाला न सांगता वर गेला. बाभळीच्या बुडाशी बसला. खाली भिंतीच्या पायथ्याला मजुरांची सहा पालं होती.

साडेनऊला भेगेपलीकडं कोणीतरी उकिडवं बसल्यालं दिसलं. खुंटी हलवून राह्यलं होतं.

"अंगद! सापडला बघ!"

तो खुंटी हलवतच राह्यला.

कल्याणनं फोन लावला.

"बोला सायेब," अंगद म्हणाला. "मी सकाळीच शहागडला आल्तो, बहिणीकडं. काय झालं?"

कल्याणनं फोन खिशात टाकला.

टॉर्च मारली. पाठमोरा माणूस. उठला. कडेकडं चालला. थांबला न्हाई. कडेवरून खाली गेला.

पडल्याचा आवाज... न्हाई.

पलीकडची खुंटी आपल्या पहिल्या भोकात होती. कल्याणनं टेप लावला. अडीच फुटावर चार बोटं. पुन्हा बघितलं.

पाच.

मंग तो पळाला. गाडीवाटेनं खाली. "निघा! जल्दी निघा!"

"भाकर तव्यावर हाय सायेब," पालातली कौसल्याबाई म्हणाली.

"राहू द्या! लेकरं उचला!"

शेवटचं माणूस खदानीच्या तोंडाशी आलं अन् भिंत बसली. पालं गडप झाली. माणूस एक बी गेला न्हाई.

सकाळी अंगद रडत आला. "चार रात्री खुंटी मीच हलवली सायेब. मालकानं सांगितल्तं. पण काल मी नव्हतो. लेकरांची आन."

कल्याणनं ऐकलं, पण त्याची नजर वर होती. भिंत ढासळून आतला कोरा काळा दगड उघडा पडल्ता. काल रात्रीपर्यंत डोंगराच्या पोटात असलेला. त्या उभ्या दगडावर, वरपासून खालपर्यंत, ओल्या चिखलाची अनवाणी पावलं उमटल्ती.

उतरतानाची.